राजाने काय वाचावे, आणि कशासाठी?



दरवर्षी एलुल महिन्याच्या सुरुवातीस 'शोफतीम' हा पाराशा आपल्या सिनेगॉगमध्ये वाचला जातो. न्यायाधीश, साक्षीपुरावा, आश्रयाची नगरे, युद्धाचे नियम असे पुष्कळ विषय त्यात आहेत. त्यांच्या मध्येच देवारीमच्या १७ व्या अध्यायात, १४ पासून २० पर्यंत, अवघी सात वचने राजाविषयी आहेत. आजचा पाठ त्या सात वचनांवर आहे.

हा विषय घेण्याचे कारण सांगतो. या देशात एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ या साडेतीन वर्षांत क्नेसेटच्या पाच निवडणुका झाल्या. प्रत्येक वेळी लग्नकार्यात म्हणा, शब्बाथच्या किद्दूशनंतर म्हणा, एक प्रश्न हटकून निघे : ही माणसे शिकलेली तरी आहेत का? चार पुस्तके तरी यांनी वाचली आहेत का? कायद्याकडे पाहाल तर क्नेसेटच्या उमेदवारासाठी नागरिकत्व आणि २१ वर्षांचे वय या मुख्य अटी. शाळेचा दाखला कोणी मागत नाही. भारतात लोकसभेसाठी वय २५ लागते, पण शिक्षणाची अट तिथेही नाही. मग वाचन आणि राज्य करण्याची लायकी यांचा काही संबंध आहे की नाही? तोराचे उत्तर असे की संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. मात्र आपण 'शिकलेला पुढारी' म्हणतो तेव्हा जे मनात आणतो, ते तोराच्या मनात नाही.

आता ती सात वचने पाहू. देशात गेल्यावर लोकांना राजा नेमावासा वाटला तर नेमावा, पण तो त्यांच्या भावांपैकी असावा. मग तीन मनाया येतात. त्याने घोडे फार वाढवू नयेत आणि घोड्यांपायी लोकांना पुन्हा मिसराईमकडे नेऊ नये. बायका फार करू नयेत. सोने-रुपे फार साठवू नये. घोडे म्हणजे सैन्य, बायका म्हणजे परराज्यांशी सोयरिकी, आणि सोने म्हणजे खजिना. त्या काळच्या कोणत्याही राजाला विचारले असते तर राजेपण म्हणजे हेच तीन, असे त्याने सांगितले असते. तोरा नेमके तेच तीन आवरायला सांगते, आणि एकच गोष्ट आपण होऊन करायला सांगते. सिंहासनावर बसल्यावर त्याने लेवी कोहानीमांजवळच्या प्रतीवरून या नियमशास्त्राची नक्कल लिहावी, ती जवळ बाळगावी आणि आयुष्याच्या सर्व दिवसांत तिच्यातून वाचावे. असे का, तेही दिले आहे : परमेश्वराचे भय शिकावे, नियम पाळावेत, आणि आपल्या भावांपेक्षा आपण उंच आहोत असे त्याच्या मनाने घेऊ नये.

आपल्या हाखामीमांनी यावर बारकाईने विचार केला. मिश्नामध्ये सानहेद्रीनच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे की राजा युद्धाला निघाला तरी ती प्रत बरोबर, न्यायाला बसला तरी बरोबर, जेवायला बसला तरी समोर. तालमूदच्या मते प्रती दोन : एक खजिन्यात ठेवायची, दुसरी अंगाबरोबर फिरवायची. वडिलांकडून वारशाने सेफेर तोरा आला असला तरी त्यावर भागत नाही, स्वतःचा वेगळा लिहिलाच पाहिजे. रामबाम सांगतात की ही प्रत बेथ हामिकदाशच्या अंगणातील प्रतीशी ताडून, ७१ जणांच्या न्यायसभेच्या सांगण्याप्रमाणे दुरुस्त करावी. राजाचे शुद्धलेखन तपासायला ७१ मास्तर! एवढा बंदोबस्त आमच्या वेळच्या मॅट्रिकच्या परीक्षेलाही नव्हता.

नक्कल लिहायला का सांगितले असेल? ज्याने मुलांना शिकवले आहे त्याला हे ठाऊक असते. डोळ्यांनी वाचताना नावडती ओळ ओलांडून जाता येते. हाताने उतरून काढताना ती ओलांडता येत नाही, आणि ओलांडली तर तपासणारा पकडतो. आपले घोडे, आपल्या बायका, आपले सोने यांवरची बंधने राजाला स्वतःच्या अक्षरात लिहून काढावी लागतात.

शेजारच्या देशांत काय होते, तेही पाहावे. बाबेलचा राजा हम्मुराबी याची काळी शिळा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातली ती शिळा. तिच्यावर कायदे कोरले आहेत, आणि आरंभी व अखेरीस राजाने आपला मोठेपणा भरपूर गायिला आहे. तिथे कायदा राजाचा, राजा कायदा देणारा. तोराच्या राजाला कायदा करण्याचा अधिकार या सात वचनांत कुठेच दिलेला नाही. तो वाचणारा आहे. त्याच्या आधीपासून असलेले, त्याने न लिहिलेले आणि त्याला न बदलता येणारे असे काहीतरी त्याच्या डोक्यावर आहे.

इथे दोन शब्दांकडे लक्ष द्यावे. हिब्रूत वाचण्याला 'कारा' हे क्रियापद आहे, आणि हाक मारण्यालाही तेच. पवित्र शास्त्राला 'मिकरा' म्हणतात ते त्याच धातूवरून. आपल्या मराठीतही वाचणे हा शब्द 'वाचा' म्हणजे वाणीशी नाते सांगतो. पूर्वी वाचन आवाज काढूनच होई, म्हणजे राजा वाचू लागला की दरबारातली माणसे ऐकत. दुसरा शब्द 'शेमा'. हे क्रियापद कानाने ऐकण्यासाठीही वापरतात आणि सांगितलेले मानण्यासाठीही. मराठीत अगदी तसेच आहे. 'पोरगा ऐकत नाही' असे आई म्हणते तेव्हा पोराचे कान बिघडले असे कोणी समजत नाही. कोकणात आपल्या पूर्वजांजवळ ग्रंथ नव्हते तेव्हाही हा एक शब्द त्यांनी सोडला नव्हता, हे वाचकांना सांगायला नको.

हे दोन्ही शब्द लक्षात ठेवून आता राजांकडे वळू.

सर्वांत विद्वान राजा शलोमो. राज्यावर आल्यावर गिबोन येथे स्वप्नात परमेश्वराने त्याला काय हवे ते विचारले, तेव्हा त्याने 'ऐकणारे मन' मागितले. याहून चांगली मागणी कोणत्या राज्यकर्त्याने केली असेल असे वाटत नाही. त्याने ३,००० म्हणी आणि १,००५ गीते रचल्याचे राजांच्या पहिल्या पुस्तकात सांगितले आहे. वनस्पती, पशू, पक्षी, मासे यांचे ज्ञान त्याला होते. आणि त्याच पुस्तकात पुढे, १० व्या व ११ व्या अध्यायात, हिशोब मांडला आहे : एका वर्षात ६६६ तालांत सोने, मिसराईमहून आणलेले घोडे, ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी. सात वचनांतली तिन्ही बंधने मोडली, आणि मोडणारा माणूस इस्राएलात सर्वांहून अधिक शिकलेला होता.

तालमूदमध्ये रब्बी यित्झाक यांनी याची मोठी मार्मिक उकल केली आहे. तोरामध्ये बहुतेक आज्ञांची कारणे का दिलेली नाहीत? कारण दोन ठिकाणी दिली, आणि तिथेच जगातला थोर माणूस अडखळला. बायका फार करू नयेत, का, तर मन बहकेल. शलोमोने कारण वाचले आणि मनाशी म्हटले, मी करीन पण बहकणार नाही. घोड्यांचेही तसेच. विद्वानाला हा रोग लवकर जडतो. नियमामागचे कारण समजले की नियम इतरांसाठी आहे असे त्याला वाटू लागते. अडाणी माणूस नियम मोडताना निदान घाबरतो.

शलोमोचा मुलगा रेहाबाम वडीलधाऱ्यांचे ऐकेना, तेव्हा दहा वंश फुटून निघाले. असो.

माझ्या मते या विषयावरचा खरा पाठ आहे तो योशियाहू आणि यहोयाकीम या बाप-लेकांचा. हे दोन अध्याय, राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला २२ वा आणि यिर्मियाहूचा ३६ वा, एकापाठोपाठ एक वाचावेत. मुलांनाही वाचून दाखवावेत.

योशियाहू आठव्या वर्षी गादीवर बसला. राज्याच्या अठराव्या वर्षी, म्हणजे सुमारे इसवी सनापूर्वी ६२२ मध्ये, बेथ हामिकदाशची डागडुजी चालू होती. कोहेन गादोल हिल्कियाहू याला तिथे नियमशास्त्राचे पुस्तक सापडले. त्याने ते चिटणीस शाफान याच्या हाती दिले. शाफान राजाकडे गेला तो आधी कामगारांच्या पैशांचा हिशोब सांगतो, आणि मग, जाता जाता सांगावे तसे, एक पुस्तक मिळाल्याचे सांगून ते वाचू लागतो. राजाने ऐकले आणि आपली वस्त्रे फाडली. त्याच्या बापदादांनी या पुस्तकाप्रमाणे वर्तन केले नव्हते, हे त्याला त्या वाचनात कळले. मग त्याने हुल्दा नावाच्या स्त्री-नबीकडे माणसे पाठवली. तिने गोड बातमी दिली नाही. तरी त्याने लहानमोठ्या सर्व लोकांना एकत्र करून स्वतःच ते पुस्तक त्यांना वाचून दाखवले. आपल्याला दोषी ठरवणारा कागद राजा आपल्या तोंडाने प्रजेला वाचून दाखवतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणावे.

आता अठरा वर्षे पुढे. योशियाहू मगिद्दोच्या लढाईत पडला होता. त्याचा मुलगा यहोयाकीम गादीवर होता. यिर्मियाहूने सांगितले आणि बारूखने लिहिले अशी एक गुंडाळी बेथ हामिकदाशमध्ये लोकांपुढे वाचली गेली. ज्या खोलीत बारूखने ती वाचली ती खोली त्याच शाफानचा मुलगा गमरियाहू याची होती. अधिकाऱ्यांनी ती ऐकली, ते घाबरले, आणि राजाला सांगण्यापूर्वी बारूखला व यिर्मियाहूला लपायला सांगितले. किस्लेव महिना, थंडीचे दिवस. राजा हिवाळी महालात शेगडीजवळ बसलेला. यहूदी नावाचा माणूस वाचू लागला. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चिटणिसाच्या चाकूने तेवढा भाग कापी आणि शेगडीत टाकी. अशी सगळी गुंडाळी जळाली. पुस्तक मुद्दाम नोंदवते की राजाने व त्याच्या सेवकांनी वस्त्रे फाडली नाहीत. बापाने फाडली होती, ते लिहिणाऱ्याला ठाऊक होते. जाळू नका म्हणून तिघांनी विनवले. त्यांत शाफानचा मुलगा होता.

दोघांचीही गोष्ट तंतोतंत सारखी आहे. दोघांनीही स्वतः पुस्तक उघडलेले नाही. दोघांना दुसऱ्याने वाचून दाखवले. दोघांनीही लक्षपूर्वक ऐकले. यहोयाकीम काही झोपला नव्हता. रकान्यामागून रकाना, त्याच्याइतके ध्यान देऊन ऐकणारा श्रोता मिळणे कठीण. फरक एवढाच की एकाने पुस्तकापुढे आपले कपडे फाडले आणि दुसऱ्याने आपल्यासाठी पुस्तक फाडले. यिर्मियाहूने २२ व्या अध्यायात याच यहोयाकीमला गड्यांची मजुरी न देता देवदारूचे वाडे बांधल्याबद्दल फटकारले आहे, आणि त्याच्या बापाचे खाणेपिणे व्यवस्थित असूनही तो गरिबाचा न्याय करीत होता, याची आठवण दिली आहे. मजुरीचा प्रश्न आणि गुंडाळीचा प्रश्न एकाच माणसाचे आहेत. वर्षानुवर्षे ज्याला भावाचा हिशोब चुकता करावासा वाटला नाही, त्याला तो हिशोब मोठ्याने वाचलेला खपला नाही.

म्हणून नुसते 'फार वाचलेला' या शिफारशीवर भरवसा ठेवता येत नाही. स्टालिनजवळ हजारो पुस्तकांचा संग्रह होता, आणि समासात पेन्सिलीने शेरे लिहीत तो वाचत असे. १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या चौकात पुस्तकांची होळी झाली तेव्हा तिथे भाषण करणारा गोबेल्स हा हायडलबर्ग विद्यापीठाचा साहित्याचा डॉक्टर होता. उलट अकबर बादशहाला वाचता येत नव्हते असे मानले जाते. तो रोज ग्रंथ वाचवून घेई, आणि वाचक जिथे थांबे तिथे स्वतः खूण करी असे अबुल फझलने लिहून ठेवले आहे.

इथे दाविद बेन-गुरियन यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ते दांडगे वाचक. प्लेटो मुळातून वाचता यावा म्हणून प्रौढ वयात ग्रीक शिकले. तेल-अवीवमधले त्यांचे घर आता संग्रहालय आहे, तिथे पुस्तकांनी भरलेल्या खोल्या पाहायला मिळतात. पंतप्रधान असताना तनाखच्या अभ्यासासाठी विद्वानांची मंडळी त्यांच्याकडे जमत असे. १९६० साली त्यांनी जाहीरपणे असे मत मांडले की मिसराईमहून निघालेले लोक सहा लाख नसून सहाशेच असावेत. केवढी खळबळ उडाली! या एका मतावरून क्नेसेटमध्ये सरकारवर अविश्वासाचा ठराव आला. तो फेटाळला गेला, आणि त्यांचे मत मलाही पटत नाही. पण पंतप्रधानाने पुस्तक कसे वाचले यावरून सरकार पाडायला निघालेले लोक दुसरीकडे कुठे असतील का? हे होऊ शकले, कारण पंतप्रधान जे पुस्तक वाचत होते तेच विरोधकांच्या हातीही होते. तोराच्या राजाने कोहानीमांच्या प्रतीवरूनच नक्कल करायची, ती याचसाठी असावी. राजाचे पुस्तक खाजगी असता कामा नये.

आता उलट बाजू. वाचनाची अट जगात पुष्कळ ठिकाणी घातली गेली, पण कोणावर? अमेरिकेच्या दक्षिण भागात मतदारांची साक्षरतेची परीक्षा घेत. परीक्षक गोरे, चांगले शिकलेसवरलेले काळे लोकही नापास होत. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने त्या परीक्षांना आळा बसला. भारताने १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख लोकांना मत दिले. त्यांतल्या दहांपैकी आठांहून अधिकांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून बैलजोडीसारखी चिन्हे आली. लोक हसले होते, पण निवडणूक नीट पार पडली. पुढे २०१५ मध्ये हरियाणा राज्याने पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली, सर्वसाधारण पुरुषांना दहावी आणि स्त्रिया व दलितांना त्याहून कमी, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आमदारांना मात्र अशी अट नाही. गावच्या पंचाने दहावी पास व्हावे, पंचासाठी कायदा करणाऱ्याने झाले नाही तरी चालेल! अशी अट बहुधा खालच्याला बाहेर ठेवण्यासाठीच वापरली जाते. तोराने ती सर्वांत वर बसलेल्या एकट्या माणसाला घातली, आणि तीही गादीवर बसल्यानंतर. आधी परीक्षा देऊन मोकळे व्हायचे नाही. मरेपर्यंत रोज अभ्यास.

आणि त्याची तपासणी लोकांदेखत व्हावी म्हणून 'हाकेल'. देवारीमच्या ३१ व्या अध्यायात आज्ञा आहे की दर सात वर्षांनी, शेमिताच्या वर्षानंतरच्या सुक्कोथमध्ये, पुरुष, स्त्रिया, मुले आणि परके यांना जमवून तोरा वाचून दाखवावी. मिश्नामध्ये सोताच्या सातव्या अध्यायात वर्णन आहे की बेथ हामिकदाशच्या अंगणात राजासाठी लाकडी चौथरा करीत, सेफेर तोरा हातोहाती कोहेन गादोलपर्यंत आणि त्याच्याकडून राजाकडे येई. वाचायच्या भागांत आपली ती सात वचनेही असत.

एकदा अग्रिप्पा राजाने तोरा उभ्याने घेतली आणि बसण्याची मुभा असूनही उभ्यानेच वाचली. राजा भावांपैकी असावा, परका नसावा, या वचनापाशी तो आला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, कारण तो हेरोदच्या घराण्यातला, मूळ अदोमी वंशाचा. जमलेल्यांनी त्याला धीर दिला, तू आमचा भाऊच आहेस असे पुन्हापुन्हा सांगितले. आपल्या समाजाला हा प्रसंग वाचताना आपले दिवस आठवल्याशिवाय राहत नाहीत. बेने इस्राएलांच्या विवाहांत वंशाची चौकशी करण्याच्या सूचनांवरून १९६२ पासून वाद पेटला होता. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटची खास बैठक भरली, बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत असे सरकारने जाहीर केले, आणि मग त्या सूचना बदलण्यात आल्या. भाऊ कोण, हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही.

परंतु तालमूद अग्रिप्पाच्या गोष्टीवर खूष नाही. राजाची अशी खुशामत केली हा इस्राएलाचा मोठा अपराध झाला, असे तिथले मत आहे. मिश्ना रडणाऱ्या राजाकडे पाहते, तालमूद टाळ्या देणाऱ्या लोकांकडे. माझे स्वतःचे मन मिश्नाकडे ओढते. नियमापाशी आल्यावर तो नियम आपल्याविरुद्ध आहे हे कळून जो उभ्याउभ्या रडतो, आणि तरी ती ओळ गाळत नाही, त्याचा वंश विचारायचे मला सुचले नसते. वाचकांनी आपापल्या घरी यावर चर्चा करावी.

हाकेलची आठवण म्हणून हल्ली शेमितानंतरच्या सुक्कोथमध्ये कोथेलपाशी समारंभ होतो. २०२२ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष हर्झोग यांच्या उपस्थितीत झाला. पुढील शेमिता ५७८९ चे वर्ष, म्हणजे हाकेल येईल २०२९ च्या सुक्कोथला. मुलांना आणण्याची आज्ञा आहेच, तेव्हा नातवंडांना घेऊन जावे. गर्दीत हिब्रू नीट ऐकू आले नाही तरी हरकत नाही. घरून निघण्यापूर्वी ती सात वचने त्यांना मराठीतून समजावून ठेवावीत, आणि तिथे गेल्यावर ती वाचली जातात की नाही याकडे कान द्यायला सांगावे.